उजवं पाऊल आधी

ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली ती चेअरलिफ्टवरून. सकाळची वेळ होती आणि कामाचा वार, त्यामुळे टेकडीवर गर्दी नव्हती. रात्री यंत्राने विंचरून ठेवलेला बर्फ खाली पसरला होता आणि त्याच्यावर वरपासून खालपर्यंत एकच नागमोडी रेघ गेली होती. बोटाएवढी बारीक. कुठे तुटलेली नाही, कुठे फिसकटलेली नाही, हात थरथरल्याची खूण नाही. मी लहानपणापासून रांगोळी काढत आलेली बाई आहे, मला रेघेतलं कळतं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी विचारलं, हे कशाने झालं? तिने हातमोज्याने खाली दाखवलं आणि म्हणाली, "दॅट्स हिम."

खाली एक पांढऱ्या दाढीचा माणूस स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधलेल्या एकाच फळीवर आडवं उभं राहून, चालला होता. माझ्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी मोठा असावा. वळताना तो इतका कलत होता की त्याचा हात बर्फाला लागतो की काय असं वाटावं, आणि तरी पडत नव्हता. बर्फ उडत नव्हता, खरखर ऐकू येत नव्हती. मी आ वासून बघत राहिले. लिफ्टवर आ वासला की दातांत थंडी भरते, पण तोंड मिटायचं सुचलं नाही.

तोवर मला बोर्ड शिकून तीन हिवाळे झाले होते आणि आपल्याला येतं अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

माझ्या या खुळाची सुरुवात बेसमेंटमधून झाली. मार्कहॅममधल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीतून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले, त्याच सुमाराला मुलगी व्हँकूवरला गेली आणि तिचा स्नोबोर्ड आमच्या घर तापवायच्या फर्नेसमागे राहिला. फोनवर म्हणाली, "आई, जस्ट डोनेट इट." धडधाकट वस्तू देऊन टाकायला माझा हात उचलत नाही. घरात आहे तर कोणीतरी वापरायला हवी, आणि घरात उरलो होतो आम्ही दोघं. माझा नवरा, म्हणजे हे (लग्नापासून मी ‘अहो’ म्हणते, त्यामुळे लिहितानाही ‘हे’च येतं), जन्मात बर्फावर स्वखुशीने उभे राहिलेले नाहीत. तेव्हा राहिले मी.

पहिल्या तासाला माझ्याबरोबर कमरेएवढी पोरं होती. शिकवणाऱ्या मुलीने सगळ्यांना विचारत विचारत माझ्याकडे येऊन विचारलं, "विच फूट फॉरवर्ड?"

मी म्हटलं, "राइट. ऑफ कोर्स."

यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. लग्नात माप ओलांडलं ते उजव्या पायाने. मुंबईहून पहिल्यांदा विमानात चढले, तेव्हा मागे रांग खोळंबली तरी पाय बदलून उजवाच आत टाकला. इथलं घर घेतलं तेव्हा तेच. नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसच्या गोल फिरणाऱ्या दारात उजवं पाऊल आधी टाकायच्या नादात मी अडकले आणि एक फेरी जास्त मारून आत पोचले. नव्या गोष्टीत शिरायचं ते उजव्या पायाने, एवढं माझ्या हाडात होतं. त्या मुलीने मान डोलावली, स्क्रू फिरवले, आणि माझा उजवा पाय पुढे, डावा मागे असा बोर्ड लावून दिला. तो तसाच राहिला.

आता त्या म्हाताऱ्याच्या रेघेबद्दल सांगते. मी उतरत होते ती बोर्ड आडवा धरून, घासत. माझ्या मागे बर्फावर खराट्याने लोटल्यासारखा रुंद पट्टा उठायचा. तो करत होता त्याला कार्व्हिंग म्हणतात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना पोलादी धार असते आणि बाजू किंचित आत वळलेली असते. बोर्ड पुरता कलवला की ती धार बर्फात रुतते आणि आपल्याच वळणाने आपली वाट कापत जाते. घसरणं नाही, घासणं नाही. एकदा चवड्यांवर कलायचं, एकदा टाचांवर, आणि मागे फक्त ती रेघ राहते. ऐकायला इतकं सोपं आहे की राग येतो.

मला रेघेचं वेड आधीपासूनचं आहे. दिवाळीत दाराबाहेर काढलेली रांगोळी इथल्या वाऱ्यात टिकत नाही, म्हणून मी ती घरात, पुढच्या दारामागच्या टाइल्सवर काढते. एका वर्षी हे दोन्ही हातांत ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन ओल्या बुटांनी तिच्यावरून सरळ चालत गेले. मी दिवसभर बोलले नाही. तेव्हापासून दिवाळीचे दिवस हे गराजच्या दाराने येतात.

तर त्या सकाळपासून डोक्यात भुंगा शिरला. चवड्यांवरचं वळण हळूहळू बरं होऊ लागलं. टाचांवरचं मात्र होईना. त्या वळणात पाठ वरच्या चढाकडे असते, आणि हवेत खुर्ची आहे असं समजून बसायचं असतं. मी बसले की बोर्ड खडखड करत थरथरायचा आणि खुर्ची ओढून घेतल्यासारखी मी बर्फावर आपटायचे. पडण्याचं मला फारसं काही नव्हतं, उठण्याचं होतं. साठीनंतर जमिनीवरून उठणं हे एक स्वतंत्र काम असतं. आधी पालथं व्हायचं, मग गुडघ्यांवर यायचं, मग आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते बघायचं, मग उठायचं. बुटांच्या नाड्या आवळताना पोट मध्ये येतं. वॉशरूमला जायचं तर कपड्यांचे इतके थर सोडवावे लागतात की निम्मी सकाळ तिथेच जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हाताला पट्टी बांधून गेले तेव्हा एका बाईंनी नाक मुरडलं, "या वयात हाडं मोडून घ्यायची कसली ती हौस!" मी म्हटलं, "तुम्ही सोफ्यावर बसून राहिलात, तरी तुमची कंबर धरलीच ना?" त्यांनी तिळगूळ दिला, मी घेतला. गोड बोलायचं मात्र दोघी विसरलो.

पण हेही सांगायला हवं की पडण्याच्या मधे मधे असं काहीतरी हाती लागायचं, की परत जावंसं वाटायचं. उणे पंधरातली ती हवा, तिला वास नसतो आणि तरी ती नाकाला नवी वाटते. वर पोचल्यावर सगळीकडून पसरलेला तो उजेड. आणि क्वचित, चवड्यांवरच्या वळणात, धार रुतून बोर्ड आपणहून निघायचा तो एक क्षण. तेव्हा मी कोणाची आई नसायचे, कोणाची बायको नसायचे, निवृत्त तर नसायचेच. नुसती थक्क असायचे.

हे मला हायवे ४०० वरून गाडीने न्यायचे. टेकडीच्या पायथ्याला जे शॅले आहे, म्हणजे कॅफेटेरिया आणि बूट बदलायची बाकं असलेली इमारत, तिथे चकचकीत स्टीलचा थर्मास आणि सुडोकू घेऊन बसायचे. बाहेर कधी आले नाहीत. "थंडी काय, आतूनही कळते," म्हणायचे. आणि बसायचे ते खिडकीकडे पाठ करून. सगळं शॅले त्या मोठ्या काचेतून टेकडी बघायचं, आणि आमचे हे भिंतीकडे तोंड करून. मला त्याचा राग यायचा. मी पडत असेन, पण बघावं तरी!

गेल्या शरद ऋतूत उजवा गुडघा बोलायला लागला. सर्जनने एक्स-रे दाखवला. हाडांमध्ये जी गादी असते ती उजव्या गुडघ्यात जवळजवळ उरलेली नव्हती. ऑपरेशन ठरलं, गुढीपाडव्यानंतरचं. त्यानंतर चालणं, पोहणं, सगळं करा म्हणाले.

"अँड स्नोबोर्डिंग?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे पाहिलं. "नो," ते म्हणाले. या हिवाळ्यात, गुडघ्याला आधाराचा ब्रेस लावून, सांभाळून, वाटलंच तर. पुढे नाही.

म्हणजे हातात एक हिवाळा होता. मला शर्यत जिंकायची नव्हती, कोणाला दाखवायचं नव्हतं. मला एक रेघ हवी होती. दोन्ही बाजूंची वळणं असलेली, न तुटलेली, बारीक, माझी. ती न काढता हा खेळ सोडायचा ही कल्पना मला सहन होत नव्हती, आणि ते कोणाला सांगायचीही लाज वाटत होती.

जानेवारी सगळा गेला. टाचांचं वळण सुधारायचं सोडून बिघडलं, कारण आता पुढच्या पायाचा, म्हणजे उजवा, गुडघा ठणकत होता आणि मी त्याच्यावर भार द्यायला भीत होते. एके दिवशी तीनदा त्याच जागी पडले. शॅलेत येऊन हातमोजे टेबलावर आपटले आणि म्हटलं, "संपलं. देऊन टाका तो बोर्ड कोणाला तरी." ह्यांना आनंद व्हायला हवा होता. ह्यांनी नुसता थर्मासमधला चहा ओतून माझ्यापुढे सरकवला.

त्याच आठवड्यात फ्रीझिंग रेन झाला. पावसाचं पाणी पडल्या पडल्या गोठलं आणि आमच्या ड्राइव्हवेची काच झाली. मी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत न्यायला निघाले आणि घसरले. पडले नाही. डब्याला धरून गराजपासून पार फुटपाथपर्यंत घसरत गेले आणि जाऊन थांबले. हे गराजच्या तोंडाशी बर्फ वितळवायच्या मिठाची पिशवी घेऊन उभे होते.

"परत कर," हे म्हणाले.

"काय?"

"आत्ता घसरलीस ना, तशी परत घसर. डबा नको घेऊस."

मला वाटलं, थंडीने माणूस भ्रमिष्ट झाला. पण घसरायला मला नेहमीच आवडतं. मी कडेच्या गवतावरून वर आले आणि परत घसरले.

"डावा पाय पुढे," हे म्हणाले.

"मग?"

"तुझा नेहमी डावाच पुढे जातो. इतकी वर्षं या ड्राइव्हवेवर बघतोय. मग बोर्डवर उजवा पुढे कशाला बांधतेस?"

माझ्याकडे उत्तर होतं ते फक्त सात वर्षांपूर्वीचं ‘ऑफ कोर्स’. मी म्हटलं, "उजवं पाऊल आधी टाकायचं असतं म्हणून."

"माप ओलांडताना ते ठीक होतं," हे म्हणाले. "टेकडी काय तुझी सासू आहे?"

मी इतकी हसले की तिथेच खाली बसले. आणि बसल्यावर मग रडूच आलं. सात हिवाळे मी चुकीचा पाय पुढे करून पडत होते आणि स्वतःच्या वयाला बोल लावत होते. शिवाय हे सांगितलं कोणी, तर भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या माणसाने.

"तुम्ही तर बघतसुद्धा नाही," मी म्हटलं.

हे बी पेरल्यासारखं मूठमूठ मीठ टाकत माझ्यापर्यंत आले. "सरळ बघवत नाही," हे म्हणाले. "थर्मासमध्ये दिसतेस. अख्खी टेकडी दिसते त्याच्यात. इवलीशी दिसतेस. पडलीस की कळतं, उठलीस की कळतं. उठेपर्यंत मी सुडोकू करत नाही."

मी हात पुढे केला आणि ह्यांनी मला उठवलं.

त्या दिवशी संध्याकाळी बेसमेंटमध्ये आम्ही दोघांनी बोर्डाचे स्क्रू काढून पायांच्या पकडी फिरवल्या. "दुखरा गुडघाही मागे जाईल," हे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. मी परत नवशिक्यांच्या उतारावर, परत कमरेएवढ्या पोरांमध्ये. लिफ्टवर चढताना मागचा पाय मोकळा सोडावा लागतो. मी सवयीने भलताच सोडला आणि लिफ्टमधून उतरल्या उतरल्या तोंडघशी पडले. लिफ्ट थांबवावी लागली. पण उतारावर गंमतच झाली. डाव्या पायाला काही शिकवावं लागत नव्हतं. तो इतकी वर्षं मागे उभा राहून सगळं ऐकत होता की काय कोण जाणे. टाचांवर बसले की खुर्ची जागेवर असायची.

तरी रेघ लागेना. वळणं व्हायची, पण मधेच फिसकटायची. मी बोर्डाच्या टोकाकडे बघत होते. एकदा लिफ्टवर बसून खालचा उतार बघताना मला ठिपक्यांची रांगोळी आठवली. ठिपके जोडताना चिमटीकडे कोणी बघत नाही. चिमटीकडे बघितलं की रेघ वाकडी होते. डोळा पुढच्या ठिपक्यावर ठेवायचा, हात आपोआप तिथे जातो. हे मी दहा वर्षांची असल्यापासून करत आले होते, आणि इथे येऊन विसरले होते. मग मी टेकडीवर ठिपके ठेवले. पलीकडचं एकटं स्प्रूस झाड हा एक, लिफ्टचा खांब हा दुसरा, केशरी जाळीचं कुंपण हा तिसरा.

मार्च लागला. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला, टेकडीही आठ-दहा दिवसांत बंद होणार होती. मग एका रात्री पुन्हा कडक थंडी पडली. सकाळी पहिल्या लिफ्टला मी होते. वर पोचले तेव्हा वर कोणी नव्हतं. खाली विंचरलेला बर्फ, अजून कोणी न शिवलेला. पार लांब जॉर्जियन बेचं पाणी, काठाशी पांढरं आणि पुढे निळं. सूर्य इतका तिरपा होता की बर्फावरच्या प्रत्येक बारीक धारीची सावली पडली होती. मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. जिथे जन्मले तिथे बर्फ फक्त पेल्यात आणि गोळ्यात असतो. तिथली एक मुलगी म्हातारी होऊन या डोंगरावर एकटी उभी होती आणि तो सगळा उजेड तिच्या वाट्याला आला होता. मला कोणाला तरी हात जोडावेसे वाटले. मी डोंगरालाच जोडले, हातमोज्यांसकट.

आणि निघाले. पहिला ठिपका स्प्रूस. चवड्यांवर कलले, धार रुतली. मग मधला तो क्षण आला जेव्हा बोर्ड सपाट असतो आणि आपल्याला कशानेच धरलेलं नसतं. पूर्वी मी तिथे डगमगायचे. या वेळी मी डाव्या खांद्यावरून खांबाकडे पाहिलं आणि बसले. खडखडाटाची वाट पाहिली. तो आला नाही. आला तो एक वेगळाच आवाज, नवं कापड कात्री न मिटता सरळ कापत जावं तसा. माझं सगळं वजन पायांत दाटून आलं, होतं त्याच्या दुपटीने, आणि खालून कोणीतरी ते पेललं. एवढा मोठा डोंगर मला धरून होता. मी कलले होते, पडायला हवं होतं, आणि पडत नव्हते. मग कुंपण. पुन्हा चवडे, मग पुन्हा टाचा. मला श्वास घेतल्याचं आठवत नाही.

खाली थांबल्यावर मागे वळून बघायचा धीर होईना. मग वळले.

ती होती. वरपासून माझ्या पायांपर्यंत. चौथ्या वळणावर जरा जाड झाली होती, तिथे मी क्षणभर शंका घेतली होती. बाकी सगळी बोटाएवढी. अख्ख्या उतारावर दुसरी खूण नव्हती. मी पट्टे सोडले आणि ती जवळून बघायला तिच्या कडेकडेने थोडी वर चढले. आत बोट घालून बघितलं. खोल होती, आणि आतून गुळगुळीत. हे मी केलं यावर माझा विश्वास बसत नव्हता, आणि मी केलं नाही असंही म्हणता येत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी गॉगलमध्ये साचलं.

शॅलेचं दार वाजलं. हे बाहेर आले होते. कानटोपी, पायघोळ पार्का, हातमोजे आतच राहिलेले. एका हातात थर्मास, दुसऱ्यात त्याच्या झाकणात ओतलेला चहा. घसरायच्या भीतीने एकेक पाऊल दाबत ते माझ्या दिशेने चढत आले, आणि रेघेच्या पलीकडे थांबले.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं."

"थर्मासमध्ये?"

"नाही," हे म्हणाले. "खिडकीतून. सरळ."

त्यांनी वरपर्यंत मान उचलून रेघ पाहिली, मग परत खालपर्यंत. मी म्हटलं, "या ना इकडे, चहा द्या. गोठाल." आमच्यात चार पावलांचंही अंतर नव्हतं. त्यांनी पाऊल उचललं, खाली पाहिलं, आणि ते पाऊल परत मागे ठेवलं. मग चहाचं झाकण सांभाळत, उतारावर अडखळत, ते रेघेच्या कडेने पार खाली गेले, जिथे ती संपत होती तिथपर्यंत. तिच्या टोकाला वळसा घालून ते माझ्या बाजूने पुन्हा वर चढू लागले, दिवाळीत गराजच्या दाराने येतात तसे.

माझ्यापर्यंत पोचले तेव्हा चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायले.